एक कोटी नव्वद लाख आठशे

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता मी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधलं टेबल टेनिसचं टेबल भिंतीकडे ढकलते, दोन सतरंज्या अंथरते आणि नऊ मुलांची वाट बघत बसते. मुलं सगळी सोसायटीत काम करणाऱ्यांचीच. वॉचमन काकांची दोन, इस्त्रीवाल्यांचा एक, बाकीची स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या मावश्यांची. तिसरी ते पाचवीतली. दोन वर्षांपूर्वी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आपण समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे' अशी एक लाट आली होती. अशा लाटा येतात आणि पार्किंगच्या भांडणात विरून जातात. ही कशी कोण जाणे, टिकली. कोणी इंग्रजी घेतलं, कोणी चित्रकला. माझ्या वाट्याला गणित आलं, कारण 'तुझं काय बाई, तू इंजिनियर!'

आता इंजिनियर काय गणित करतो ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. पण चौथीचं गणित! त्यात काय? मी फळ्यावर रेघा मारल्या, वर एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख असं लिहिलं आणि एकेका मुलाला बोलावून आकडे भरायला लावले. पटापट भरले. 'चार हजार तीनशे बावन्न, शतकस्थानी कोण?' 'तीऽऽन!' असा कोरस. मी खूश. घरी येऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की शाळेत उगाच या एका धड्यावर एवढे दिवस घालवतात, माझं तर एका शनिवारात झालं. तो 'हं' म्हणाला. (त्याचं 'हं' पुढे दर वेळी खरं ठरतं, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

नंतरच्या मंगळवारी रात्री आठच्या सुमाराला बेल वाजली. दारात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई. मुलीचं खरं नाव नाही सांगत. तिच्या दोन वेण्यांना कायम लाल रिबिनी असतात, म्हणून आपण तिला रिबीन म्हणू. आई आमच्या विंगेत दोन घरी कामाला येते, पण आमच्याकडे नाही, त्यामुळे ती अशी दारात आली म्हणजे काहीतरी असणार. आत या म्हटलं तर आली नाही. पदराआडून एक दोनशे पानी वही काढली.

"ताई, एवढं जरा बघता का? काय लिवलंय पोरीनं."

वही बचत गटाची होती. वस्तीतल्या अकरा बायका, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये. म्हणजे महिन्याचे दोन हजार दोनशे. वही सांभाळायचं काम हिच्याकडे, कारण हिची मुलगी 'शिकलेली' आणि अक्षर सुंदर. आई सांगणार, मुलगी लिहिणार. नऊ महिने झाले होते, जमा एकोणीस हजार आठशे. आणि वहीत, खरंच फार सुंदर अक्षरात, लाल पेनने दोन रेघा मारून लिहिलं होतं: १९०००८००.

गटातल्या एका बाईचा मुलगा कॉलेजात जातो. त्याने वही बघितली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. एक कोटी नव्वद लाख आठशे. सगळ्या हसल्या. 'आपला गट कोटींचा झाला गं!' इथपर्यंत ठीक होतं. मग कोणीतरी अर्धवट चेष्टेत विचारलं, मग एवढे पैसे गेले कुठे? आणि मग कोणीतरी चेष्टा न करता म्हणालं की वही दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, जिला येत नाही तिनं कशाला घ्यायची.

"पैसे बँकेत बरोबर हायेत ताई. पासबुक हाय. पण लोक काय म्हणणार?"

मी म्हटलं, काळजी करू नका, मी बघते. आणि दार लावून बराच वेळ त्या आकड्याचाच विचार करत बसले. कारण याच मुलीने तीनच दिवसांपूर्वी माझ्या रकान्यांमध्ये सगळे आकडे बरोबर भरले होते!

पुढच्या शनिवारी मी रकाने काढलेच नाहीत. कोऱ्या पाटीवर लिहा म्हटलं, दोन हजार सात. नऊ मुलांपैकी पाच जणांनी २०००७ लिहिलं. दोघांनी २०७. दोघांचं बरोबर. तीनशे पाच म्हटलं तर ३००५ होतेच. म्हणजे माझ्या त्या यशस्वी शनिवारी मुलांना स्थानिक किंमत समजली नव्हती, रकाने भरायला समजले होते. रेघा माझ्या, किती रेघा मारायच्या तेही मीच ठरवलेलं, आणि संख्या मी सांगत होते तीसुद्धा अशी सोयीची की मधे एकही शून्य येऊ नये. आमच्या भाषेत सांगायचं तर मी फक्त हॅपी पाथ टेस्ट केला होता. आणि ज्युनियर पोरांनी तसं केलं की मीच त्यांना लेक्चर देते.

इथे माझं चुकलं, ते लिहून टाकते. मी रिबीनच्या शेजारी बसले आणि तिला समजावायला लागले. हजाराच्या संख्येत अंक किती? चार. मग तू किती लिहिलेस? ती पुसायची आणि पुन्हा तेच लिहायची. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. माझ्या डोक्यात आईची वही, त्या हसणाऱ्या बायका, सगळं होतं, आणि मी चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, किती वेळा सांगायचं? चारच अंक असतात ना!" ती काही बोलली नाही. खोडरबर घेऊन एकाच जागी पुसत राहिली, कागदाला भोक पडेपर्यंत.

त्याच्या पुढच्या शनिवारी आली नाही. पोट दुखतंय म्हणे.

*

त्या शनिवारी वर्ग लवकर सोडला आणि क्लबहाऊसमध्येच बसून राहिले. आणि मला एकदम माझी पहिली नोकरी आठवली. २००७ साल. रात्री नऊचा कॉल, पलीकडे अमेरिकेतला क्लायंट, मी टीममधली सगळ्यात लहान आणि तोंड उघडायची पहिलीच वेळ. त्याने विचारलं, टेबलमध्ये साधारण किती रेकॉर्ड आहेत? माझ्या समोर दहा लाख असा आकडा होता. मी मनातल्या मनात भाषांतर केलं आणि ठामपणे सांगितलं, टेन मिलियन. दहाचे टेन, लाखाचे मिलियन. झालं! त्या बिचाऱ्याने त्या हिशोबाने डिस्क घेतली, रात्रीच्या बॅचला किती तास लागतील ते ठरवलं, आणि तीन आठवड्यांनी डेटा चढल्यावर अत्यंत सभ्यपणे मेल पाठवली की बाकीचे नव्वद लाख रेकॉर्ड कुठे आहेत?

पैसे गेले कुठे, तसंच.

मला कोणी ओरडलं नाही. माझ्या टीम लीडने कागदावर एकाखाली एक सहा शून्यं मांडून दाखवली, चहा पाजला आणि विषय संपला. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, इंजिनियरिंगची डिग्री खिशात होती. रिबीन नऊ वर्षांची आहे.

(स्वल्पविरामांशीही माझं जुनं वैर आहे. त्याच नोकरीत एका रिपोर्टवर आपल्या पद्धतीने १२,३४,५६७ असं छापून यायला हवं होतं. मी जावामध्ये पॅटर्नही तसाच दिला, दोन-दोन अंकांनंतर स्वल्पविराम. छापून आलं १,२३४,५६७. दोन दिवस माझा बग शोधला. मग डॉक्युमेंटेशनमध्ये सापडलं की तो क्लास फक्त शेवटच्या स्वल्पविरामानंतर किती अंक आहेत तेवढंच बघतो आणि सगळीकडे तेच लावतो. आपली तीन-दोन-दोनची चाल त्याच्या गावीच नाही.)

असो. तर डोकं जरा शांत झाल्यावर मी ते २०००७ परत बघितलं. आणि मला दिसलं की यात मूर्खपणा अजिबात नाही. मुलीने जे ऐकलं ते लिहिलंय. दोन हजार: २०००. सात: ७. शेजारी शेजारी ठेवले, २०००७. एकोणीस हजार, १९०००. आठशे, ८००. डिक्टेशन शंभर टक्के बरोबर! आपण बोलतो तेव्हा प्रत्येक स्थानाचं नाव घेतो, हजार म्हणतो, शे म्हणतो, आणि जे स्थान रिकामं असेल त्याचा उच्चारच करत नाही. 'दोन हजार, शून्यशे, शून्य दशक, सात' असं कोणी म्हणतं का? आणि लिहिताना बरोबर उलटं. लिहिताना स्थानाचं नाव कुठेच लिहायचं नाही आणि रिकामी जागा मात्र न चुकता भरायची. म्हणजे जे ऐकू येतं ते लिहायचं नाही आणि जे ऐकूच येत नाही ते लिहायचं. हे कोणीही न सांगता मुलांना आपोआप कळावं अशी आपली अपेक्षा असते.

रोमन लोक बघा, त्यांनी हा त्रास करून घेतलाच नाही. दोन हजार सात कसं लिहायचं? एम एम व्ही आय आय. दोन एम म्हणजे दोन हजार, पुढे सात, मधलं काही नाहीच. जसं बोललं तसं लिहिलं. रिबीन प्राचीन रोममध्ये असती तर वहीची कारभारीण म्हणून तिला कोणी हलवलं नसतं. आपल्याकडे शून्याला जागेवर बसवलं गेलं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६चा शिलालेख आहे. त्यात देवळाला दिलेल्या बागेचं माप, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, असं कोरलंय, आणि त्या २७०मधलं शून्य छोटंसं गोल, आज आपण काढतो तसंच. मी कॉलेजात असताना तिथे सहलीला गेले होते आणि त्या देवळासमोर उभी राहून भेळ खाल्ली होती. आत काय आहे ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

त्यात आपली मराठी. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र दोन आधी. तिसरीतला इस्त्रीवाल्यांचा मुलगा अजून पंचवीसचे बावन्न करतो. आणि एकोणीस तर कहरच. एक उणे वीस! लिहायचे आहेत एक आणि नऊ, पण ऐकताना नऊ कुठेच नाही, उलट वीस ऐकू येतात, जे लिहायचेच नाहीत. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? विधानसभेपर्यंत विनोद पोचले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, ही मुलांसाठी जोडीची सोय आहे. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस-एकच म्हणतात, आणि त्याने कानडी काही बुडालेली नाही. पण तेव्हा मीही ते विनोद दहा ग्रुपवर फॉरवर्ड केले होते. 'मराठी वाचवा' वगैरे. नारळीकर बाई २०२३मध्ये गेल्या. माझ्यासमोर तेव्हा एकही पंचवीसचे बावन्न करणारा मुलगा बसलेला नव्हता, एवढंच म्हणते.

*

मग म्हटलं, पैसे वापरू. पैसे सगळ्यांना कळतात. दुकानातून खेळातल्या नोटा आणल्या. दहाच्या दहा नोटा म्हणजे शंभर, शंभराच्या दहा म्हणजे... वॉचमन काकांचा मुलगा म्हणाला, "दोन पाचशेच्या."

"नाही रे, हजाराची एक."

"हजाराची नोट नसते ताई."

खरंच की! हजाराची नोट गेली २०१६मध्ये. ही मुलं तेव्हा पाळण्यात होती. दोन हजारांची आली तीही २०२३मध्ये मागे घेतली. मी लहान होते तेव्हा एक, दहा, शंभर, हजार असा जिना सरळ वर जायचा. यांच्या जिन्याची वरची पायरीच काढून नेलीये आणि मधे एक पाचशेची टेकवलीये. शिवाय किराणावाल्याकडेही क्यूआर कोड. त्यातली दोन मुलं तर म्हणाली, पैसे मोबाइलमध्ये असतात. नोटा पिशवीत परत गेल्या.

शेवटी जे चाललं ते अगदी साधं होतं आणि माझा शोध अजिबात नाही. मॉन्टेसरीवाल्यांकडे ही कार्डं कित्येक वर्षं आहेत. १ ते ९ची नऊ कार्डं, एक अंक मावेल एवढी. १०, २०, ३० ते ९०, त्याच्या दुप्पट रुंद. १००ची तिप्पट. अशी ९०,०००पर्यंत, एकूण पंचेचाळीस. दोन संच म्हणजे नव्वद. सासूबाईंनी लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा जपून ठेवलाय, 'कागद चांगला आहे गं, लागेल कधीतरी.' तो लागला. मी मागच्या कोऱ्या बाजूंवर आकडे लिहिले, आणि कापायचं काम मुद्दाम ठेवलं. रिबीनच्या आईला जिन्यात गाठून गठ्ठा दिला आणि म्हटलं, माझा हात वाकडा जातो, तिला सांगा कापून आण, शनिवारी लागणार आहेत.

ती आली. गठ्ठ्याला रबरबँड, प्रत्येक कार्ड पट्टीने मारल्यासारखं सरळ. मी म्हटलं, "त्या दिवशी मी ओरडले ना, ते चुकलं माझं." ती टेबल टेनिसच्या जाळीकडे बघत राहिली. मग मी तिला टेन मिलियनची गोष्ट सांगितली. नीट ऐकून तिने विचारलं,

"मग त्यांनी तुम्हाला मारलं?"

"नाही."

"हसले?"

"हसले पण नाहीत."

"बरेच होते मग," असं म्हणून ती सतरंजीवर जाऊन बसली.

खेळ असा. मी संख्या बोलणार, मुलांनी ऐकू येतील तेवढीच कार्डं उचलायची. दोन हजार सात. तर २०००चं कार्ड आणि ७चं कार्ड. बास, दोनच. इथपर्यंत प्रत्येकाला आलं, कारण ऐकलेलं उचलायचंय फक्त. आता कार्डं शेजारी ठेवायची नाहीत, एकावर एक ठेवायची, उजव्या कडा जुळवून. सातचं कार्ड शेवटच्या शून्यावर बसलं. २००७.

क्लबहाऊसमध्ये सेकंदभर शांतता. मग रिबीन म्हणाली, "सात शून्याच्या मांडीवर बसला."

मी इतके दिवस जे बोलत होते ते सगळं त्या एका वाक्यात होतं. ते कार्ड कोणी शेजारी ठेवलं की बाकीचे ओरडायला लागले, 'मांडीवर, मांडीवर!' मग उलटा खेळ. चाळीस हजार पाचशे सहा रचलेलं आहे, पाच उचलला तर खाली काय? शून्य. सहाच्या खाली? शून्य. चाराच्या खाली? जमीन! मग रिबीनने न सांगता १००००, ९००० आणि ८००ची कार्डं घेतली. आधी तिघंही ओळीने शेजारी मांडली, बघितली. मग एकावर एक. १९८००. परत शेजारी मांडली. परत एकावर एक. मी काही बोलले नाही. (न बोलणं मला अजिबात जमत नाही, त्यामुळे याचं क्रेडिट मला मिळालं पाहिजे. :) )

तिची शून्यं एकही चुकीची नव्हती. झाकायची राहिली होती.

स्वल्पविरामाचं मग सोपं गेलं. स्वल्पविराम म्हणजे नाव घ्यायची जागा. १९, इथे थांबून म्हणायचं हजार, मग आठशे. आपल्याकडे हजाराच्या खोलीत दोन जण राहतात, लाखाच्या खोलीत दोन, कोटीच्याही दोन. एखादी खोली रिकामी असली तर बोलताना तिच्या दारावरून आपण गुपचूप पुढे जातो, पण लिहिताना दोन शून्यांचं कुलूप लावायचं. पाचवीतल्या मुलीने विचारलं, मग शेवटच्या खोलीत तीन का? कारण शतकाला वेगळी खोली दिली नाही, एकक-दशकांच्या खोलीतच ठेवून घेतलं. उत्तर पटण्यासारखं नव्हतं, पण वन बीएचकेत राहणाऱ्या मुलांना पटलं.

तरी मला एक खुटखुट होती. रिबीनला आता १९,८०० लिहिता येत होतं, पण १,९०,००,८०० म्हणजे काय हे तिला कुठे माहीत होतं? ज्या आकड्यावरून एवढं रामायण झालं तो आकडा तिने बघितलाच नव्हता. आणि खरं म्हणजे मी तरी कुठे बघितलाय? पगाराच्या आणि फ्लॅटच्या गप्पांत आपण लाख-कोटी असे फेकतो, पण एक लाख म्हणजे किती, हे डोळ्यासमोर आणा बघू.

म्हणून आलेखाचे कागद. मिलिमीटरचे चौकोन असतात ते. एका सेंटिमीटरच्या चौकोनात असे बारीक चौकोन शंभर. दहा सेंटिमीटर लांब-रुंद कापला, साधारण माझ्या तळव्याएवढा, तर त्यात दहा हजार. एका कागदातून असे दोन निघाले. पाच कागदांतून दहा. ते एकाला एक लावून चिकटवले: एक मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद पट्टी. एक लाख. मुलं पट्टीला नाक लावून बघत होती. "खरंच लाख आहेत?" "मोज." एकाने मोजायला सुरुवात केली, चारशेच्या आसपास सोडून दिलं.

अशा दहा पट्ट्या म्हणजे दहा लाख. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. (माझे सगळे रेकॉर्ड एका चादरीएवढ्या जागेत मावत होते तर!) पण पन्नास कागद कोण आणणार? तिथून पुढे मास्किंग टेप. कोटीसाठी दहा चौरस मीटर लागतात. टेबल टेनिसच्या टेबलामागची भिंत मोजली, चार मीटर रुंद. खालून अडीच मीटर उंचीवर, स्टुलावर चढून, एक आडवी टेप मारली. ही भिंत म्हणजे एक कोटी.

मग रिबीनला म्हटलं, गटाचे पैसे दाखव. तिने तळव्याएवढे दोन चौकोन घेतले. वीस हजार. थोडा विचार केला आणि कात्रीने एका कोपऱ्यातून एकेक सेंटिमीटरचे दोन चौकोन कापून काढले. दोनशे कमी. एकोणीस हजार आठशे. ते दोन चौकोन भिंतीच्या पायाशी धरले आणि वर टेपपर्यंत बघितलं.

"आणि मी वहीत किती लिहिलेलं?"

"ही अख्खी भिंत, आणि समोरची पण. समोरचीत फक्त एक चादर कमी. आणि वर हे आठ छोटे चौकोन."

ती एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे बघायला लागली आणि हसत सुटली. म्हणजे अशी हसली की सतरंजीवर आडवी झाली. "ताई, दोन भिंती! आईच्या गटात दोन भिंती!" मग सगळेच हसायला लागले. त्या बायकाही यालाच हसल्या होत्या, फक्त तेव्हा हिला सोडून.

पुढच्या महिन्यात वहीत नवीन आकडा आला. बावीस हजार. (बावीस उलटे लिहिले तरी बावीसच, म्हणजे मराठीनेही या वेळी जरा साथ दिली.) आई मुद्दाम दाखवायला घेऊन आली. २२,०००, आणि त्यातला स्वल्पविराम टिकलीएवढा मोठा. वही अजून तिच्याकडेच आहे. कॉलेजात जाणाऱ्या त्या मुलाने परत वाचून दाखवलं का, हे मी विचारलं नाही. गटातल्या आणखी एका बाईने आपल्या मुलाला शनिवारी पाठवू का असं विचारलंय, तेवढं कळलं. म्हणजे आता दहा.

भिंतीवरची टेप मी काढणार होते, पण मुलं काढू देत नाहीत. टेबल टेनिस खेळणारे काका लोक विचारतात ही रेघ कसली. मी सांगते, कोटी. ते पुढे काही विचारत नाहीत.

मागच्या शनिवारी रिबीनने विचारलं की कोटीच्या पुढे काय? दशकोटी, मग अब्ज, मग खर्व, निखर्व... आजोबांनी घोकून घेतलेलं एकं-दहं-शतं इतक्या वर्षांनी तोंडातून आपोआप बाहेर आलं, पार परार्धापर्यंत. सतरा शून्यं. मुलांना परार्धाचं काही नव्हतं, त्यांचा प्रश्न वेगळाच होता. अब्ज केवढं? हिशोब केला. एक हजार चौरस मीटर. क्लबहाऊसमध्ये मावत नाही. वॉचमन काकांचा मुलगा म्हणाला, बी विंगची टेरेस.

टेरेसची चावी सेक्रेटरींकडे असते. त्यांना मेसेज टाकलाय, की शनिवारी सकाळी दहा मुलांना घेऊन टेरेसवर जायचंय, अब्ज मावतं का बघायला. दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.